याकोबाचें पत्र व पंडिता रमाबाई

नव्या करारांतील याकोबाचें पत्र अवघें पांच अध्यायांचें आहे. परंतु त्याचा आरंभच वाचकास थबकविणारा आहे. नाना प्रकारचीं संकटें आलीं असतां आनंदच माना, असें तो लिहितो. आणि ज्यास ज्ञान उणें असेल त्यानें तें देवापाशीं मागावें, अशी पुस्ती जोडतो. सुखदुःखें समान मानणारा स्थितप्रज्ञ आपल्या परिचयाचा आहे. याकोब मात्र समत्व सांगत नाहीं, आनंद सांगतो. हें दुःखाचें कौतुक तर नव्हे?

मूळ ग्रीक शब्द पाहिले म्हणजे ही शंका बरीचशी फिटते. ‘पेइरास्मोस’ म्हणजे निव्वळ दुःख नव्हे, कसोटी. ‘हुपोमोने’ म्हणजे भाराखालीं टिकून राहणें. आनंद मानावयाचा तो कसोटींतून निघणाऱ्या या धीराचा. ज्ञानही त्याच्या मतें पोथींत नसून वर्तनांत दिसतें. शिवाय अनाथ व विधवा यांच्या संकटांत त्यांचा समाचार घेणें हाच निर्मळ धर्म, असें तो पहिल्या अध्यायाच्या शेवटीं म्हणतो. आणि पुढें, कापणी करणाऱ्यांची मजुरी दाबणाऱ्या धनिकांवर कडाडतो. तात्पर्य, आनंद मानावा तो स्वतःच्या कसोटींत. दुसऱ्याचें संकट निवारलेंच पाहिजे.

महाराष्ट्रांत हे दोन्ही धडे पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) चरित्रांत एकत्र दिसतात. दुष्काळांत त्यांचे आईबाप व बहीण गेलीं; १८८० मध्यें भाऊ, १८८२ मध्यें पति. ‘पंडिता’ ही पदवी त्यांस कलकत्त्यास १८७८ मध्येंच मिळाली होती. तिची खरी पारख पुढें व्हावयाची होती. १८८३ मध्यें इंग्लंडांत त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८९ मध्यें मुंबईस विधवांसाठीं शारदा सदन काढलें. १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून शेंकडों मुली आणून केडगांवीं वसविल्या. भूक स्वतः भोगलेल्या या बाईनें भुकेल्यांस ‘सोसा’ एवढेंच सांगितलें नाहीं. अन्न दिलें, अक्षर दिलें, छापखान्याचें काम शिकविलें.

पुढें हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनीं सबंध बायबलाचें मराठी भाषांतर हातीं घेतलें. १९२१ मध्यें एकुलती कन्या मनोरमा वारली. तरी लेखणी थांबली नाहीं. १९२२ च्या एप्रिलांत त्या निवर्तल्या, तेव्हां भाषांतर पुरें झालें होतें. याकोबाचें पत्रही त्यांत आहे. संकटांत आनंद मानण्याचा उपदेश सुखवस्तु माणसाच्या मुखीं कठोर वाटतो; ज्यानें स्वतः सोसून दुसऱ्याचें ओझें उचललें, त्याच्याच मुखीं तो शोभतो.