किल्लारी, पहाटे ३.५६

११ डिसेंबर १९६७, पहाटे ४.२१
कोयनानगरला सहाहून जास्त तीव्रतेचा भूकंप होतो. पावणेदोनशेच्या आसपास माणसं दगावतात. १०३ मीटर उंचीच्या धरणाला तडे जातात, पण धरण उभं राहतं. त्याचा आराखडा करताना वजनाच्या पाच टक्के इतकंच आडवं बल धरलं होतं. धरणातल्या यंत्रावर उमटलेला हादरा त्याच्या कितीतरी पट निघतो. १९७० साली देशाचा भूकंपप्रवणतेचा नकाशा नव्यानं काढला जातो आणि कोयनेचा पट्टा धोक्याच्या वरच्या श्रेणीत जातो. तिथून पूर्वेला तीनशे किलोमीटरवर औसा तालुक्यातलं किल्लारी आहे. ते पहिल्या, म्हणजे सर्वांत सुरक्षित विभागात राहतं.

१९७० नंतरची वर्षं
रुरकीला भूकंप अभियांत्रिकीची संशोधनशाळा १९६० पासून चालू आहे. तिथले अभियंते रुळावरच्या वाघिणीवर साध्या वीटकामाच्या खोल्या बांधतात आणि वाघिणीला धडक देऊन खोलीचं काय होतं ते पाहतात. नुसत्या भिंती कोपऱ्यांत उकलतात आणि एकेक करून बाहेर कलतात. दारंखिडक्यांच्या डोक्यावरून सगळ्या भिंतींना बांधणारा लोखंड घातलेला पट्टा असेल, तर खोली तडकते, पण एकसंध राहते. म्हणजे उत्तर सापडलेलं होतं. महागही नव्हतं. फक्त पहिल्या विभागातल्या खेड्याला ते जाऊन सांगणं कुणाच्या कामात बसत नव्हतं.

१८ ऑक्टोबर १९९२
किल्लारीत जोराचा धक्का बसतो. ऑगस्टपासून जमीन अधूनमधून गुरगुरते आहे. पुढच्या काही महिन्यांत जाणवलेल्या धक्क्यांची संख्या सव्वाशेच्या आसपास जाते. काही कुटुंबं घराबाहेर झोपू लागतात. मग धक्के विरळ होतात आणि माणसं घरात परततात.

घराबाहेर झोपणं हा त्या वर्षातला सर्वांत अचूक निर्णय होता, आणि तो घेतला होता गावकऱ्यांनी. शेत, जनावरं, शाळा, पाऊस सांभाळून माणूस असं किती महिने बाहेर झोपेल? त्यांना परत आत जाऊ देण्याआधी त्यांच्या भिंती कुणीतरी बघायला हव्या होत्या.

१९९३, पावसाळ्याआधी
इथल्या घरांचं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, गळू नये म्हणून दर काही वर्षांनी त्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर पडतो. जुना थर कुणी काढत नाही. मातीची जाडी कुठे एक फूट असते, तर कुठे अडीच. दोन फूट मातीचं वजन दर चौरस मीटरला सुमारे एक टन भरतं. दहा फूट बाय बारा फुटांच्या खोलीवर, म्हणजे झोपलेल्या घराच्या डोक्यावर, साधारण अकरा टन. उन्हाळ्यात ही माती घर गार ठेवते. चांगल्या घराची ती खूण आहे.

भिंती दगडाच्या आणि दोन-तीन फूट जाड, काही त्याहूनही जाड. बाहेरून अभेद्य दिसतात. आत मात्र त्या दोन वेगळ्या भिंती असतात: बाहेरचा पदर, आतला पदर, आणि मधे भरलेले गोटे व चिखल. दोन्ही पदरांना शिवणारा आरपार दगड सहसा नसतो.

१९९३, त्याच वर्षी
भारतीय मानक ब्युरो कमी ताकदीच्या दगड-विटांच्या बांधकामासाठी मार्गदर्शक मानक छापते, क्रमांक १३८२८. त्यात लिहिलं आहे: दगडी भिंत ४५० मिलिमीटरपेक्षा जाड नको, आणि दर ६०० मिलिमीटर उंचीला, जास्तीत जास्त १.२ मीटर अंतरावर, एक आरपार दगड हवा. गवंड्याला हे करायला लांब दगड निवडण्यापलीकडे काही लागत नाही.

२९ सप्टेंबर, संध्याकाळ
अनंत चतुर्दशी. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतल्या गावांत मिरवणुका निघतात. पोलीस बंदोबस्तावर आहेत. गणपतीसाठी आलेले पाहुणे घरात आहेत.

रात्री ११
ढोल अजून वाजत आहेत. जे रस्त्यावर आहेत, ते या घडीला सुरक्षित आहेत.

३० सप्टेंबर, रात्री १
विसर्जन आटोपून माणसं घरी येतात आणि दमून लगेच झोपतात. काही उकाड्यामुळे बाहेर पडवीत, काही आत भिंतीकडेला. उकाडा नसता, किंवा विसर्जन तासभर लवकर संपलं असतं किंवा लांबलं असतं, तर कोण कुठे झोपलं असतं, हे बदललं असतं.

रात्री ३.३०
मुंबईत मुख्यमंत्री शरद पवार जागे आहेत. परभणीतली मिरवणूक लांबली आहे. ती संपल्याचा निरोप आल्यावर ते आडवे होतात, असं त्यांनी पुढे अनेकदा सांगितलं आहे.

किल्लारी, सास्तूर, तळणी, मंगरूळ, होळी, राजेगाव, रेबेचिंचोली, पेठसांगवी इथे बहुतेक सगळे झोपलेले आहेत. परिसरात जमिनीचा जोराचा हादरा मोजणारं एकही यंत्र नाही. पहिल्या विभागात ते असण्याचं कारण नव्हतं.

३.५५, ४८ सेकंद
गावांच्या खाली काही किलोमीटरवर खडक फुटतो आणि सरकतो. तीव्रता ६.२. जगाच्या मानानं हा मध्यम भूकंप आहे. पण तो उथळ आहे आणि थेट गावांखाली आहे.

दीड-दोन सेकंदांनंतर
पहिली लाट पोचते. खालून गडगडाट आणि उभा धक्का. ज्याची झोप सावध असते तो डोळे उघडतो. आडवे झोके देणारी दुसरी लाट जेमतेम सेकंदभर मागे आहे. तेवढ्यात उठून दार गाठता येत नाही.

३.५६
जमीन आडवी हलते. भिंतीचा बाहेरचा पदर बाहेर फुगतो, आतला आत. मधला चिखल आणि गोटे खाली बसतात आणि पाचरीसारखे दोन्ही पदरांना आणखी ढकलतात. बाहेरचा पदर गल्लीत पडतो, आतला अंथरुणांवर. गल्ल्या अरुंद आहेत. जे बाहेर धावतात त्यांच्यावर समोरच्या घराची भिंत येते.

जिथे माळवद थेट भिंतींवर टेकलं आहे, तिथे ते मातीसकट खाली येतं. जिथे ते लाकडी खांब आणि तुळयांच्या खणांवर आहे, तिथे भिंती पडूनही अनेक ठिकाणी छप्पर खांबांवर उभं राहतं. कुडाच्या, गवतानं शाकारलेल्या झोपड्या हलतात आणि थांबतात. त्यांच्यावर टनाचं ओझं नव्हतं. गावातली सर्वांत गरीब माणसं त्यांत झोपली होती.

साधारण चाळीस सेकंदांनंतर
हादरा थांबतो. वर धूळ आहे, चतुर्दशीचा चंद्र तिच्याआड जातो. माळवदाची पांढरी माती कोरडी असते आणि बारीक असते. ढिगाखालची बरीच माणसं दगडांनी नाही, श्वास कोंडून गेली.

३.५८ च्या सुमारास
चारशे किलोमीटर कापून लाटा मुंबईत पोचतात. मुख्यमंत्र्यांच्या बंगल्याच्या खिडक्या थडथडतात. ते कोयनेला फोन लावतात. महाराष्ट्रात जमीन हलली तर ती कोयनेलाच, असं सव्वीस वर्षं बहुतेकांना वाटत आलं होतं. उत्तर येतं की केंद्र इथे नाही, ते लातूरकडे, किल्लारीला आहे.

उजाडताना
हातांनी, पहारींनी, खोऱ्यांनी दगड उपसले जातात. अनेक ठिकाणी गल्ली कुठे होती आणि घर कुठे, ते वरून ओळखू येत नाही. पुढच्या दिवसांत पाऊस येतो आणि माती चिखल होऊन जड होते.

सरकारी आकडा ७,९२८ मृतांवर थांबतो. बावन्न गावं उद्ध्वस्त म्हणून नोंदली जातात. ती नव्या जागी, रुंद रस्त्यांवर वसवायची ठरतात.

त्यानंतरची वर्षं
जी घरं तडकली पण पडली नाहीत, त्यांच्यासाठी दुरुस्तीची पद्धत ठरते. माळवदावर चढायचं आणि जुनी माती खाली टाकायची, थर आठ इंचांवर येईपर्यंत. मग जाड भिंतीत पहारीनं आरपार भोक पाडायचं, त्यात एक सळई ठेवायची, भोक काँक्रीटनं भरायचं. तिथून चार फुटांवर पुढचं भोक.