मुखपृष्ठावरचा चेहरा कोणी काढायचा? ॲरन डग्लस आणि हार्लेमची पुस्तके

पुस्तक वाचण्याआधी आपण त्याचे मुखपृष्ठ वाचतो. म्हणूनच ज्या समाजाचे चित्र पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांनीच रंगवले, त्याच्यासाठी मुखपृष्ठ ही सजावटीची बाब नसते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अमेरिकेत कृष्णवर्णीय माणूस छापील चित्रांत कसा दिसत होता? जाड ओठ, बटबटीत डोळे, दात विचकून हसणारा नोकर. जाहिरातींपासून गाण्यांच्या पुस्तिकांपर्यंत हाच साचा. याला विनोद म्हटले जाई; प्रत्यक्षात ते वर्णवर्चस्वाचे रोजचे शिक्षण होते.

हा साचा मोडणाऱ्यांत ॲरन डग्लस हे नाव अग्रभागी येते. १८९९ साली कॅन्सस राज्यातील टोपेका येथे जन्म, १९२२ साली नेब्रास्का विद्यापीठाची कला पदवी, नंतर कॅन्सस सिटीत शाळामास्तर. १९२५ साली ते न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये आले. कृष्णवर्णीय लेखक-कलावंतांची चळवळ तेव्हा तिथे जोरात होती. ॲलन लॉक यांनी संपादित केलेल्या 'द न्यू निग्रो' या ग्रंथात त्यांची चित्रे आली आणि पुढे 'द क्रायसिस', 'ऑपॉर्च्युनिटी' या नियतकालिकांची मुखपृष्ठे त्यांच्याकडे आली. 'द क्रायसिस'चे संपादक होते डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस. १९४६ साली बाबासाहेबांनी पत्र लिहिले होते, तेच हे डू बॉइस.

डग्लस यांनी केले काय? त्यांनी चेहऱ्याचा तपशीलच काढून टाकला. सपाट काळी आकृती, बाजूने दिसणारे डोके, डोळ्याच्या जागी एक बारीक फट. ही फट पश्चिम आफ्रिकेतील मुखवट्यांतून आली, अंगाची ठेवण प्राचीन इजिप्तच्या भित्तिचित्रांतून. भोवती प्रकाशाची वर्तुळे. जो काळा रंग हिणवण्यासाठी वापरला जात होता, तोच त्यांनी चित्राचा कणा केला. जेम्स वेल्डन जॉन्सन यांच्या 'गॉड्स ट्रॉम्बोन्स' (१९२७) मधील क्रूसारोहणाचे चित्र जरूर शोधून पाहा. त्यात डोळ्यांत भरतो तो क्रूस खांद्यावर वाहणारा काळा माणूस, सायमन. ख्रिस्ताची आकृती त्याच्यापुढे लहान आहे. ओझे कोण वाहते, हे सांगायला चित्रकाराला शब्द लागले नाहीत.

चळवळीत मतभेद होतेच. 'कला ही प्रचारच असली पाहिजे' अशी भूमिका डू बॉइस यांनी १९२६ साली मांडली. त्याच वर्षी लँग्स्टन ह्यूज, झोरा नील हर्स्टन, वॉलेस थर्मन या तरुणांनी 'फायर!!' काढले. ज्येष्ठांना न रुचणारे सगळे त्यात होते, आणि मुखपृष्ठ होते डग्लस यांचे. अंक एकच निघाला. न विकलेल्या प्रती आगीत जळाल्या. १९२८ साली क्लॉड मॅके यांची 'होम टू हार्लेम' आली. डू बॉइस यांनी तिच्यावर सडकून टीका केली. तिचेही वेष्टन डग्लस यांनीच केले होते! याला कोणी संधिसाधूपणा म्हणेल. मला तसे वाटत नाही. सभ्य, सुशिक्षित कृष्णवर्णीयांची पुस्तके तेवढी आमची आणि गोदीतल्या, दारूच्या गुत्त्यातल्या माणसांची नाहीत, ही वाटणी त्यांनी मान्य केली नाही. आपल्याकडे गावकुसाबाहेरची भाषा साहित्यात आली तेव्हा नाके मुरडणारे केवळ परके नव्हते, हे आठवावे.

आणखी एक प्रश्न उरतो. गोऱ्या आश्रयदात्यांना कृष्णवर्णीय कलेत 'आदिमपणा' हवा होता. शार्लट ऑसगुड मेसन ही धनाढ्य बाई ह्यूज, हर्स्टन आणि डग्लस यांना पैसा पुरवी, पण कलेने कोणत्या वाटेने जावे हेही तीच सांगे. अशा आश्रयाची किंमत काय असते, हे फेलोशिप आणि फंडिंगच्या भरवशावर काम करणाऱ्या आपल्या तरुणांना वेगळे सांगायला नको. डग्लस १९३१ साली पॅरिसला शिकायला गेले. परतल्यावर १९३४ साली हार्लेममधील १३५व्या रस्त्यावरच्या सार्वजनिक ग्रंथालयासाठी त्यांनी आफ्रिकेपासून गुलामगिरी आणि शहरातल्या कारखान्यांपर्यंतचा इतिहास चार मोठ्या चित्रांत उभा केला. पुस्तकाच्या वेष्टनावरची तीच काळी आकृती आता भिंतभर झाली होती.

आपल्या घरातल्या जयंतीच्या, प्रबोधनाच्या जुन्या पुस्तिका काढा. मुखपृष्ठ कोणाचे, हे किती ठिकाणी छापले आहे ते पाहा. डग्लस यांचे नाव टिकले, कारण त्यांच्या लेखक-संपादकांनी ते छापले.

१९४४ साली त्यांनी कोलंबिया विद्यापीठाची, म्हणजे बाबासाहेबांच्याच विद्यापीठाची, एम. ए. पदवी घेतली. त्याच सुमारास नॅशव्हिलच्या फिस्क या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात कला विभाग उभारला आणि १९६६ पर्यंत तिथे शिकवले. १९७९ साली नॅशव्हिलमध्येच त्यांचे निधन झाले.