राजाची मृगया, पारध्याचा फास आणि आपलं काळवीट



अमेरिकेत शहरांच्या कडेच्या वस्त्यांत हरणं इतकी वाढलीत की बागा खातात, गाड्यांना धडकतात. वस्तीत बंदूक चालवणं धोक्याचं, म्हणून काही नगरपालिका धनुष्यबाणाच्या शिकारीला परवाने देतात. झाडावर मचाण बांधायचं, हरीण जवळ आलं की वरून बाण सोडायचा. चुकला तरी तो जमिनीतच रुततो.

आपल्याकडे काळविटानं पीक खाल्लं की "त्यांच्यासारखं करा" म्हणणारे भेटतात. पण आपला इतिहास वेगळा आहे, तो आधी बघू.

12 व्या शतकात हा मुलूख कल्याणीच्या चालुक्यांचा. त्यांचा राजा तिसरा सोमेश्वर यानं 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. त्यात मृगयेवर वेगळं प्रकरणच आहे. पाळलेलं हरीण पुढं सोडून रानातली हरणं जवळ आणायची, हाही त्यातला एक प्रकार. चित्त्याकडून काळवीट धरायची हौस तर थेट 20 व्या शतकापर्यंत चालली. देशी चित्ते मिळेनात तेव्हा कोल्हापूर दरबारानं आफ्रिकेतून आणवले!

राजानं मारलं तर ती मृगया. आणि पोटासाठी मारलं तर?

फासेपारध्याच्या नावातच फास आहे. तो हरीण, तितर धरून जगायचा. इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पुढं तो मुंबई इलाख्यातही आला आणि पारध्यावर जन्मापासून शिक्का बसला. सोलापुरात तर तारेच्या कुंपणातली सेटलमेंटच होती. 31 ऑगस्ट 1952 ला कायदा गेला, पण लोकांच्या मनातला शिक्का काही गेला नाही.

मग 1972 चा वन्यजीव कायदा आला. शिकार बंद झाली आणि काळवीट वाचलं, हे चांगलंच झालं. 1979 साली नान्नजला माळढोक अभयारण्य झालं. माळढोक जवळजवळ संपला, काळवीट मात्र टिकलं. पण पारध्याचा धंदा गेला, त्या बदल्यात जमीन किती जणांना मिळाली?

आणि शेतकरी? कालव्याचं पाणी आलं, माळ फुटले, ऊस उभा राहिला. हरणाचं कुरण गेलं, मग ते ज्वारीच्या कोंबावर आणि हरभऱ्यावर येणारच. काळवीट कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, पीक खाल्लं म्हणून त्याला मारता येत नाही. राहतो तो पंचनामा आणि भरपाईची वाट.

माझं मत स्पष्ट आहे. बाण नको. अमेरिकेत हरणं उदंड आहेत, आपल्याकडे काळविटाला माळच उरला नाही. पण कायदा सरकारचा असेल तर नुकसानही एकट्या शेतकऱ्याचं नसावं. पंचनामा वेळेत व्हावा, भरपाई पिकाच्या खऱ्या मोलाची मिळावी. आणि जनावराचा माग जितका पारध्याला कळतो तितका कुणाला कळतो? वनखात्यानं राखणीच्या कामावर त्याच्या पोरांना घ्यावं.

पिढ्यान् पिढ्या ज्याला चोर म्हटलं, त्याच्या हातात एकदा राखण देऊन तर बघू.

पटतंय का, सांगा.