तारेचा वेग आणि बातमीचे वय

दूरवरून देखरेख करणाऱ्या शासनाला वेगवान साधन मिळाले की त्याची माहितीही ताजी होते, असे आपण गृहीत धरतो. १८६६ च्या ओरिसातील दुष्काळाचा इतिहास वाचताना मला हे गृहीतक टिकाऊ वाटत नाही.

१८६५ च्या सप्टेंबरात पाऊस अकाली थांबला आणि भाताचे मुख्य पीक बुडाले. ओरिसा तेव्हा बंगालच्या प्रशासनाखाली होता. सूत्रे कलकत्त्याच्या महसूल मंडळाकडे होती. जानेवारी १८६६ च्या अखेरीस कटकचे आयुक्त रेव्हनशॉ यांनी तांदूळ आयात करण्याची परवानगी तारेने मागितली. ती नाकारली गेली. बाजाराला परवडत असेल तर तांदूळ आपोआप येईल, सरकारी हस्तक्षेपाने अपायच होईल, असे मंडळाचे म्हणणे होते.

तार वेगाने गेली, परंतु तिचे उत्तर जुन्या समजुतीवर बेतलेले होते. साठे भरपूर आहेत, व्यापारी ते दडवून बसले आहेत, हे मत आधीच्या महिन्यांत रुजले होते. सुरुवातीला खुद्द रेव्हनशॉही त्याच मताचे होते. भाव चढले की माल येतो, हा सिद्धान्त मीही अर्थशास्त्रात शिकलो. पण त्यासाठी रस्ते आणि बंदरे लागतात, आणि ओरिसात दोहोंची वानवा होती. फेब्रुवारीत लेफ्टनंट गव्हर्नर सेसिल बीडन स्वतः येऊन गेले, तरी धोरण बदलले नाही. मेच्या अखेरीस आयातीचा निर्णय झाला, तोवर पावसाळा दाराशी आला होता. खवळलेल्या समुद्रात धान्य उतरवणे दुष्कर झाले. सुमारे १० लाख माणसे दगावली, असा अंदाज आहे.

या अनुभवाची चौकशी जॉर्ज कॅम्बेल यांच्या आयोगाने केली. पुढे १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर, १८८३ मध्ये दुष्काळसंहितेचा मसुदा आला. दुष्काळाची पूर्वचिन्हे कोणती, ती दिसताच कोणी काय करावे, हे आधीच ठरवून ठेवण्याचा तो प्रयत्न होता.

२०१२ मध्ये कौल, येट्स आणि ग्रुटेसर या संशोधकांनी 'माहितीचे वय' गणिताने मोजले. अद्ययावत संदेश फार क्वचित पाठवले तर माहिती शिळी होते. फार वारंवार पाठवले तर रांग साचते आणि तरीही ती शिळीच होते. आज आमच्या पडद्यांवर जिल्ह्याजिल्ह्याचे आकडे क्षणोक्षणी येतात. ते पाहताना मी दोन प्रश्न विचारतो: हा आकडा प्रत्यक्षात कधी मोजला गेला? आणि आपण उत्तर देऊ तेव्हा समुद्र खुला असेल काय?