दगड, काच आणि शिवार



परवा विहारात चादर बांधून 'अंकुर' दाखवला. शेवटी पोरानं दगड मारला, मालकाच्या खिडकीची काच फुटली, पडदा लालभडक झाला आणि आपण टाळ्या पिटल्या. मीही पिटल्या. तिथनं रात्रपाळीला गेलो. साच्यावर उभा असताना त्या टाळ्यांचा राग यायला लागला. का आला, ते लिहून काढतो. पटलं नाही तर भांडायला या.

श्याम बेनेगलांचा हा पहिला मोठा चित्रपट, 1974 सालचा. मुलूख तेलंगणाचा, बोली दखनी. हैद्राबादच्या जमीनदाराचा शिकलेला पोरगा सूर्या गावची शेती बघायला येतो. घरात राबायला लक्ष्मी, दलित बाई. नवरा किष्टय्या मुका-बहिरा, कुंभारकी करणारा. ॲल्युमिनियमची भांडी आली आणि त्याची मडकी पडून राहिली. ताडी चोरली म्हणून त्याचं डोकं भादरून गाढवावरून धिंड काढतात, तो गाव सोडून जातो. मागं सूर्या लक्ष्मीला जवळ करतो. तिला दिवस जातात, तसा हात झटकतो. मग किष्टय्या दारू सोडून परत येतो. बायको पोटुशी बघून गावदेवीच्या पाया पडतो आणि मालकाकडं निघतो. सूर्याच्या मनात पाप. त्याला वाटतं, हा सूड घ्यायला आला. माणसं लावून धरतो आणि दोरानं फोडून काढतो.

त्यानंतर तो दगड.

आता ती काच बघा. झोपडीला काच नसते. मातीच्या भिंतीवर दगड मारला तर पोपडा पडेल, फुटणार काय? काच असणं हीच मालकी. आत बसून बाहेरची शेतं आणि शेतात राबणारी माणसं बघायची, ही सोय ज्याची, त्याचीच खिडकी. आम्हा गिरणीवाल्यांना हे सांगावं लागत नाही. जुन्या गिरण्यांचं छप्पर करवतीच्या दातांसारखं. काचा छपरात, उत्तरेला तोंड करून. ऊन थेट येऊ नये, सुतावर सारखा उजेड पडावा म्हणून. त्यातनं आभाळाची चिंधी दिसते, रस्ता दिसत नाही. खिडकी सुतासाठी केलेली, माणसासाठी नाही.

आणि दगड मारून पोरगं पळतं कुठं? शिवारात. शिवार कुणाचं? मालकाचंच. गोविंद निहलानींच्या कॅमेऱ्यानं ती हिरवी शेतं सुंदर टिपलीत, खोटं कशाला बोलू. पण त्या हिरव्यात पोराला लपायला वीतभर जागा स्वतःची नाही. सूर्याच्या बापानं ठेवलेल्या बाईला गावातली चांगली जमीन दिलेली असते. लक्ष्मीच्या वाट्याला तीही नाही.

समीक्षक म्हणतात, तो दगड म्हणजे बंडाचा अंकुर. इथं मला इतिहास आडवा येतो. तेलंगणा आपल्याला परका नाही, मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत त्याच निजामी राज्यात होता. आपल्याकडं वेठ, तिकडं वेट्टी. माला-मादिगांच्या घरातून देशमुखाच्या कामाला माणूस फुकट पाठवावाच लागे. 4 जुलै 1946 ला कडवेंडीत मोर्चावर जमीनदाराच्या माणसांनी गोळ्या झाडल्या, दोड्डी कोमरय्या पडला आणि मुलूख पेटला. पुढारी पी. सुंदरय्यांचा हिशेब असा की सुमारे 3,000 गावांत लोकांनी राज्य चालवलं, 10 लाख एकर जमीन वाटली. लष्कर आलं तशी पुष्कळ जमीन परत देशमुखांच्या घशात गेली. 1951 ला लढा मागं घेतला. म्हणजे 1974 च्या कितीतरी आधी तिथं झाड वाढलं होतं आणि तोडलंही होतं. ज्या मातीत बायामाणसांनी बंदुका धरल्या, तिथं पडद्यावर एका बिननावाच्या पोराच्या हातात खडा देऊन त्याला सुरुवात म्हणायचं? बेनेगलांनाही हे जाणवलं असेल. पुढच्याच साली 'निशांत' आला, पटकथा विजय तेंडुलकरांची, त्यात अख्खं गाव जमीनदाराच्या वाड्यावर चालून जातं.

दगडाची दुसरी बाजूही त्याच सालात आहे. 5 जानेवारी 1974 ला वरळीत पँथरच्या सभेनंतर दंगल पेटली. 10 तारखेला परळमधून मोर्चा चालला होता. वरून, इमारतीतून दगड आला आणि भागवत जाधव गेला. त्या साली मुंबईत दगड वरून खाली आला, काचेवाल्यांकडून रस्त्यावर. चित्रपटात तो खालून वर जातो. थेटरात पडदा लाल झाल्यावर टाळी वाजवणं सोपं होतं. परळच्या रस्त्यावर जे लाल सांडलं त्यासाठी थेटर बांधलेलं नव्हतं.

पण माझा खरा राग याचाही नाही. दगडाच्या आधी काय होतं, आठवा. नवऱ्याला मारताना बघून लक्ष्मी धावत येते. सूर्या घरात शिरून दार लावून घेतो. आणि ती त्या बंद दारासमोर उभी राहून त्याला शिव्याशाप देते. उघड्यावर, गावादेखत, तोंड न लपवता. पोटात त्याचंच पोर, हाताशी रक्ताळलेला नवरा. ती पळत नाही. सावकाश नवऱ्याला घेऊन घराकडं चालत जाते, त्याच शिवारातून, जिथं उद्या तिला पुन्हा राबायचंय. काच न फोडता तिचा आवाज आत गेला होता, दाराआडच्या सूर्याचं तोंड बघा. शबाना आझमींना राष्ट्रीय पुरस्कार उगाच नाही मिळाला.

तेव्हा आपल्या विहारात एक टाळी वाजली नाही. मागं बसलेल्या आयाबाया मात्र पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. आपण वाट बघत होतो पोराच्या दगडाची.

2013 सालच्या नागराज मंजुळेंच्या 'फँड्री'तही शेवटी दगडच आहे. मारलेलं डुक्कर काठीला बांधून जब्या आणि बाप शाळेच्या भिंतीवरून जातात, भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई. गाव हसतंय. जब्या दगड उचलतो आणि फेकतो तो सरळ कॅमेऱ्यावर. पडदा काळा होतो. इथं कुणा जमीनदाराची खिडकी नाही. बघणाऱ्याच्या डोळ्यापुढची काच, तीच खिडकी. 'अंकुर'मध्ये आपण पोराच्या बाजूनं असल्याचं समाधान घेऊन उठतो. इथं उठताना पहिल्यांदा कपाळ चाचपावं लागतं. मंजुळेंनी ते पोर जवळून पाहिलेलं आहे, म्हणून त्याला नाव आहे, बाप आहे, शाळा आहे, आणि पळून जायची गरज नाही.

येत्या रविवारी विहारात 'फँड्री' लावतोय. चादर मीच बांधणार. आयाबायांना या वेळी पुढं बसवू. आपण मागं.