प्लेगचा उंदीर आणि इंदूर नगरीची देवता

सार्वजनिक आरोग्याचा इतिहास लिहिताना आपण बहुधा लशींचा, इस्पितळांचा आणि कायद्यांचा इतिहास लिहितो. रोग म्हणजे काय, तो कसा पसरतो हे सामान्य माणसाला कोणी सांगितले, कोणत्या भाषेत सांगितले आणि त्याने ते का ऐकले किंवा का ऐकले नाही, हा इतिहास मात्र मागे पडतो. वास्तविक साथीच्या दिवसांत गावाचे भवितव्य पुष्कळदा ह्या दुसऱ्या इतिहासावरच ठरत आलेले आहे. आपल्या ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त निघणाऱ्या ह्या ग्रंथात त्यातील एका प्रकरणाची आठवण करावी असे वाटले, ती दोन कारणांनी. एक तर हे प्रकरण आपल्या इंदुरातले आहे. आणि दुसरे, आरोग्यशिक्षणाच्या त्या प्रयोगात ग्रंथालयालाही एक जागा होती.

प्रकरण १९१७ सालच्या दिवाळीचे आहे. परंतु त्याचे मर्म कळण्यासाठी वीस वर्षे मागे, पुण्या-मुंबईकडे जावे लागते. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी ‘गाठीचा ताप’ ओळखला. तत्कालीन वृत्तपत्री मराठीत त्याला ‘ग्रंथिक सन्निपात’ असे भारदस्त नाव मिळाले. पण लोकांनी इंग्रजी शब्दच उचलला आणि ‘प्लेग’ हा शब्द मराठीच्या शिव्याशापांतही जाऊन बसला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी रँड यांच्या अधिकाराखाली समिती नेमली गेली आणि गोरे सैनिक घरोघर शिरू लागले. देवघर, स्वयंपाकघर, माजघर असा काही भेद राहिला नाही. संशयिताला उचलून छावणीत नेणे, सामान जाळणे, जमीन उकरून चुना ओतणे, असा तो कारभार होता. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. पुढचे सर्वांना ठाऊक आहे.

त्याच पुण्यात दुसरीही एक वाट चालली जात होती. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंतराव हडपसरजवळ ससाणे यांच्या माळावर रुग्णांची शुश्रूषा करीत होते. त्याच सेवेत प्लेगची लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाईंचे निधन झाले. लोकमान्य टिळकांनी हिंदूंसाठी प्लेगचे रुग्णालय चालविले. ज्या माणसांकडे लोक विश्वासाने येत, त्यांनी सांगितलेले लोक ऐकत. सैनिकाने सांगितलेले ऐकत नसत. ही गोष्ट सरकारच्या ध्यानी यायला मात्र फार मोठी किंमत मोजावी लागली.

येथे एक गोष्ट नमूद करणे न्यायाचे होईल. १८९७ साली रँडसाहेबालाही प्लेग कसा पसरतो हे माहीत नव्हते. उंदरावरील पिसवेमार्फत हा रोग माणसापर्यंत येतो, हे पॉल-लुई सीमाँ या फ्रेंच वैद्यकाने १८९८ मध्ये कराचीत दाखविले, तेव्हा त्याची कोणी दखल घेतली नाही. १९०५ नंतर मुंबईत काम करणाऱ्या प्लेग संशोधन आयोगाने ते सिद्ध केले, तेव्हा कुठे शंका फिटली. म्हणजे पुण्यात जी घरे धुतली गेली, जी माणसे हलविली गेली, ती बव्हंशी चुकीच्या समजुतीवर. ज्ञान अपुरे आणि दंडुका पुरेपूर, अशी ती स्थिती होती. वीस वर्षांनी इंदुरात जे घडले, त्याच्यामागे ज्ञानही होते आणि दंडुका मात्र नव्हता. त्या प्रयोगाचे खरे वेगळेपण मला येथे दिसते.

प्रयोग करणारा गृहस्थ होता पॅट्रिक गेडिस. जन्म १८५४, स्कॉटलंडचा. मूळचा वनस्पतिशास्त्रज्ञ, थॉमस हक्सले यांचा विद्यार्थी, आणि अनेक वर्षे डंडी येथे वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक. एडिंबरोच्या जुन्या, दाटीवाटीच्या गल्लीत स्वतः बिऱ्हाड करून त्याने तेथील घरे सुधारण्याचा उद्योग केला आणि त्यातून तो नगररचनेकडे वळला. १९१४ मध्ये तो आपले नगरविषयक प्रदर्शन घेऊन हिंदुस्थानात यायला निघाला, तेव्हा प्रदर्शनाचे साहित्य ज्या जहाजातून येत होते ते जर्मन युद्धनौका एम्डेनने बुडविले. गेडिस खचला नाही, त्याने नवे प्रदर्शन उभे केले. पुढील काही वर्षांत त्याने बडोदे, लखनौ, लाहोर, कानपूर अशा कितीतरी शहरांविषयी अहवाल लिहिले. १९१७ हे वर्ष त्याच्या आयुष्यातले अतिशय दुःखाचे. वडील मुलगा फ्रान्समध्ये युद्धात पडला आणि थोड्याच दिवसांत पत्नीचे कलकत्त्यात निधन झाले. त्याच वर्षी तिसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या दरबाराने त्याला इंदूरच्या नगररचनेचे काम दिले. तेव्हा शहरात प्लेगचे भय होते आणि मलेरियाही होता.

गेडिसची पद्धत पायी हिंडण्याची होती. हातात नकाशा घेऊन तो गल्लीबोळांतून तासन् तास फिरे. निदान आधी, उपचार नंतर, हे त्याचे सूत्र. एके दिवशी लोक आपल्याकडे बोट दाखवून काही कुजबुजत आहेत असे त्याच्या लक्षात आले. बरोबरच्या माणसाला विचारले, तेव्हा उत्तर मिळाले की हाच तो प्लेग आणणारा म्हातारा साहेब, असे ते म्हणताहेत. लोकांच्या दृष्टीने त्यात अतार्किक काही नव्हते. नकाशा घेऊन साहेब येतो, मागाहून घर पाडणारे येतात; आणि रोगही त्याच सुमारास येतो.

ह्या उत्तरावर दुसरा एखादा अधिकारी संतापला असता किंवा पोलिसांचा पहारा घेऊन हिंडू लागला असता. गेडिसने गृहमंत्र्यांकडे जाऊन मला एका दिवसापुरते महाराज करा, अशी मागणी केली. ती मान्य झाली. मग त्याने जाहीर केले की यंदाच्या दिवाळीत नव्या तऱ्हेची मिरवणूक निघेल. ती हिंदूंच्या वा मुसलमानांच्या ठरलेल्या मार्गाने न जाता, ज्या रस्त्यांवर जास्तीत जास्त घरे साफ आणि दुरुस्त झालेली असतील त्या रस्त्यांनी जाईल. मार्ग ठरविणे अशा रीतीने लोकांच्याच हाती आले.

ह्या एका वाक्यातील योजकता पाहण्याजोगी आहे. दिवाळीपूर्वी घर झाडणे, सारवणे, रंगविणे ही आपली पूर्वापार चाल. ती शिकवायला स्कॉटलंडहून कोणी येण्याची गरज नव्हती. परंतु घर झाडले की केर रस्त्यावर येतो आणि रस्त्याचा केर कोणाचाच नसतो. गेडिसने ती अडचण आधी दूर केली. घराघरांतला, अंगणातला कचरा फुकट वाहून नेण्याची व्यवस्था नगरपालिकेकडून करविली. सहा हजारांहून अधिक गाड्या कचरा त्या दिवसांत शहराबाहेर गेला असे सांगतात. उंदीर पकडले गेले. लोकांनी स्वखर्चाने घराचे दर्शनी भाग दुरुस्त केले. एरवी नोटिसा बजावून जे वर्षानुवर्षे होत नाही, ते मिरवणूक आपल्या दारावरून जावी एवढ्या हौसेपायी झाले. हौस ही सार्वजनिक कार्यातली मोठी शक्ती आहे. समित्या-उपसमित्यांत बसणाऱ्यांना तिचा सहसा विसर पडतो.

मिरवणुकीचे वर्णन गेडिसच्याच तोंडून त्याच्या शिष्या अमेलिया डेफ्रिस यांनी १९२७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चरित्रपर पुस्तकात आले आहे. आरंभी लवाजमा, शेतीचे वैभव आणि समृद्धीची लक्ष्मी हत्तीवर. मग एकाएकी वाद्ये बेसूर, भेसूर होत. आणि रोगांची सोंगे, पडक्या घरांच्या प्रतिकृती, रावणासारखा अक्राळविक्राळ घाणीचा राक्षस आणि त्याच्यामागे प्लेगचा प्रचंड उंदीर येई. ह्या उंदराच्या अंगभर थरथरणारे किडे लावलेले होते. मलेरियाचे डासही होते.

त्या थरथरणाऱ्या किड्यांपाशी क्षणभर थांबावेसे वाटते. पिसवेचा सिद्धान्त सर्वमान्य होऊन तेव्हा दहाबारा वर्षेच झाली होती. वैद्यकाच्या नियतकालिकांतली ती नवी गोष्ट, अक्षरओळख नसलेल्या माणसापुढे, आईच्या कडेवरच्या मुलापुढे, एकाही व्याख्यानावाचून मांडली गेली. उंदीर एकटा नाही, त्याच्या अंगावर काहीतरी वळवळते आहे आणि तेच घातक आहे, एवढे त्या मुलालाही घरी जाऊन सांगता आले असेल. पत्रके वाटून हे झाले नसते. मी स्वतः भाषेचा अध्यापक असूनही हे कबूल करायला मला संकोच वाटत नाही.

राक्षस गेले की मिरवणुकीत पुन्हा मंगल वाद्ये वाजू लागत आणि येत ते शहराचे सफाई कामगार, स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत, नव्या झाडूंसह, रंगविलेल्या गाड्या आणि सजविलेले बैल घेऊन. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जाई, ते राज्याच्या मिरवणुकीत फुलांनी शोभून शहराच्या मुख्य रस्त्यांवरून चालत होते. त्यांच्यामागून एक नवीच देवता आली, ‘इंदूर नगरी’. नंतर शहराने पुढे काय उभारावे ह्याच्या प्रतिकृती आल्या, त्यांत वस्तुसंग्रहालय होते, नाट्यगृह होते आणि ग्रंथालयही होते. नाना व्यवसायांचे कारागीर होते. फळेफुले आणि तुळशीची रोपे लोकांना वाटण्यात आली. मिरवणूक गरिबांच्या वस्त्यांतूनही हिंडली. अखेरीस घाणीचा राक्षस आणि प्लेगचा उंदीर यांचे दहन होऊन आतषबाजी झाली. दसऱ्याचा रावण त्या वर्षी दिवाळीत जळाला म्हणायचा.

पुढे प्लेग ओसरला. त्याचे सगळे श्रेय मिरवणुकीला देणे भाबडेपणाचे होईल. साथीचा हंगाम सरत आला होता, हे गेडिसनेही मान्य केले आहे. शिवाय ही सारी हकिगत मुख्यतः त्याच्याच तोंडची, आणि आपल्या यशाची गोष्ट सांगताना कोणाचाही हात थोडा सैल सुटतो. सफाई कामगारांच्या सन्मानाबद्दलही तेच म्हणावे लागेल. एक दिवस झेंडूची फुले मिळाली. वेतन, वस्ती आणि हाताने मैला उचलण्याचे काम ह्यांत त्या एका दिवसाने फरक पडला नाही. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध देशव्यापी कायदा व्हायला १९९३ साल उजाडावे लागले आणि तो पुरेसा नाही म्हणून २०१३ मध्ये दुसरा करावा लागला. तरीही स्वच्छता शिकविताना स्वच्छता करणाऱ्याला पडद्याआड न ठेवता पुढे आणावे, हे १९१७ साली कोणाला तरी सुचले होते, ह्याचे मोल मला कमी वाटत नाही.

गेडिसचा विस्तृत अहवाल १९१८ मध्ये दोन खंडांत छापला गेला. सरसकट पाडापाडीला त्याचा विरोध होता. अगदी आवश्यक तेवढेच काढावे, बाकीचे दुरुस्त करावे, मोकळ्या जागी झाडे लावावीत, सांडपाण्याचा बागांसाठी उपयोग करावा, नदीकाठ राखावे, असे त्याचे म्हणणे. खान नदीची आजची स्थिती ज्यांना ठाऊक आहे त्यांना ह्यातील शेवटची सूचना वाचून काय वाटेल, ते सांगायला नको. त्याच वर्षी इन्फ्लुएंझाची साथ आली आणि देशात एक कोटीहून अधिक माणसे गेली. त्या रोगाला उंदीर नव्हता, पिसू नव्हती. आणि मिरवणुकीची गर्दी हाच त्याला उत्तम आहार. एका रोगावरची शिकवण दुसऱ्याला चालतेच असे नाही.

बडोद्याचा मार्ग वेगळा होता, पण तोही येथे सांगण्याजोगा आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला पाचारण करून ग्रंथालयांचे स्वतंत्र खाते उभारले. त्यात गावोगाव पेट्या पाठविणारी फिरती ग्रंथालये होती, आणि दृश्यशिक्षणाची एक शाखाही होती. मॅजिक लँटर्न आणि चलच्चित्रे घेऊन तिची माणसे खेड्यांत जात, कारण ज्याला वाचता येत नाही त्याचाही ग्रंथालयावर हक्क आहे, अशी ती भूमिका होती. इंदूरचा प्रयोग एका दिवसाचा, झगमगता. बडोद्याचा संथ, वर्षानुवर्षांचा. दोहोंत निवड करायची झाली तर मी बडोद्याच्या बाजूने मत देईन. मिरवणूक दार उघडते, पण उघडलेल्या दारातून पुन्हा पुन्हा जाणारे कोणीतरी लागते.

इंदूर २०१७ पासून राष्ट्रीय स्वच्छता सर्वेक्षणात वर्षानुवर्षे पहिले येत आले, तेव्हा काहींना गेडिसची आठवण झाली. शंभर वर्षांच्या अंतराचा असा सरळ धागा जोडणे मला सोयीचे वाटते, खरे नव्हे. मला आठवतो तो १ एप्रिल २०२० चा दिवस. करोनाच्या तपासणीसाठी ह्याच शहरातील एका वस्तीत गेलेल्या आरोग्य पथकावर दगडफेक झाली. तपासायला येणारेच माणसांना उचलून नेतात, ही भीती १८९७ च्या पुण्यातली होती, १९१७ च्या गल्लीतल्या कुजबुजीतही होती आणि तिला तोवर मरण आलेले नव्हते. त्या पथकातील दोन डॉक्टर स्त्रिया जखमी झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा त्याच वस्तीत कामावर गेल्या.

गेडिस १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा प्राध्यापक झाला. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये हे त्याच्याच प्रोत्साहनाने पुढील शिक्षणासाठी इंग्लंडला गेले आणि परतल्यावर त्यांनी मुंबईतील समाजशास्त्राचा पाया घातला. गेडिस १९३२ मध्ये फ्रान्समध्ये वारला. इंदूरच्या अहवालात त्याने विद्यापीठाचा आणि ग्रंथालयाचा विचार नाल्या, विहिरी आणि डासांच्या विचाराला जोडूनच केलेला आहे. मिरवणुकीतही ग्रंथालयाची प्रतिकृती त्याने चालविली होती, ती प्लेगच्या उंदरामागून काही अंतरावर, सफाई कामगारांच्या पाठोपाठ.