ओझे खालून उचलण्याची विद्या

१७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि इथल्या चर्चमधल्या घंटा दूरदूरच्या देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा श्रोत्यांपैकी पुष्कळांनी पाहिली असेल. घंटा टांगायची म्हणजे वर भक्कम तुळई हवी. तिला कप्पी बांधून दोर ओढायचा. पण भर रस्त्यात गाडीचे चाक निखळले, तर वर तुळई कुठून आणायची? तिथे ओझे खालूनच उचलावे लागते. बैलगाडीच्या काळी आमच्या नंदाखाल-आगाशीच्या वाटांवर पहार, दगड आणि लाकडी टेकू एवढ्यावर काम भागत असे. पहारेने उचलावे, टेकूने पेलावे. उचलणे आणि पेलणे ही दोन कामे वेगळी आहेत, आणि जॅकचा सारा इतिहास या दोहोंच्या ओढाताणीचा आहे, असे आम्हांला वाटते.

स्क्रू जॅकने ती दोन्ही कामे एका यंत्रात आणली. अर्धा मीटर लांबीचा दांडा एक फेरा फिरवला की हात सुमारे ३१४ सेंटिमीटर चालतो. आट्यांमधले अंतर एक सेंटिमीटर असेल, तर ओझे तेवढेच वर येते. म्हणजे बळ ३१४ पट व्हावे! प्रत्यक्षात निम्म्याहून अधिक श्रम घर्षण खाऊन टाकते. पण हात काढल्यावर ओझे खाली येत नाही, तेही त्या घर्षणामुळेच. चोर आणि पहारेकरी एकच म्हणायचा.

याच आट्यांनी आमच्याकडे रेल्वेही आणली. १८६४ साली बी.बी.सी.आय. रेल्वे मुंबईपर्यंत पोचली. त्या मार्गावरच्या पुलांचे लोखंडी खांब, टोकाला स्क्रूचे पाते लावून, फिरवत फिरवत गाळात उतरवले होते. ही युक्ती अलेक्झांडर मिचेल या आयरिश इंजिनियराची, १८३३ची. आणि हा गृहस्थ अंध होता.

दुसरी वाट द्रवाची. बंद भांड्यातला दाब सर्वत्र सारखा पसरतो, हे पास्कलने सतराव्या शतकात सांगितले. त्याचे यंत्र जोसेफ ब्रामाने १७९५ साली केले. अडचण एकच, दट्ट्याच्या कडेने पाणी गळे. ब्रामाच्या कारखान्यातल्या हेन्री मॉड्स्ले याने कातड्याची वाटी बसवली. दाब वाढला की वाटी फुगून भिंतीला अधिकच घट्ट बसते. पुढे १८५१ साली रिचर्ड डजनने न्यूयॉर्कमध्ये हातात नेण्याजोग्या जॅकचे पेटंट घेतले. मात्र इथे ओझे पेलते ते तेल आणि ती वाटी. वाटी झिजली की ओझे हळूहळू बसते. फाटली तर एकदम.

म्हणून निवडताना आम्ही आधी काम विचारतो. मोटारीचे चाक बदलायला घडीचा स्क्रू जॅक पुरे. ट्रकला बाटलीच्या आकाराचा तेलाचा जॅक हवा. पण तो उंच असतो, तेव्हा गाडीखालची जागा आधी मोजावी. चाकांवर सरकणारा ट्रॉली जॅक गॅरेजच्या सपाट फरशीवरच शोभतो. लागणाऱ्या वजनाच्या दीडपट-दुप्पट क्षमतेचा घ्यावा. गाडीखाली शिरायचे असेल, तर जॅक कोणताही असो, लोखंडी टेकू लावल्यावाचून शिरू नये. पहारेच्या काळचा तो नियम अजून सुटलेला नाही. आणि पावसाळ्यात आमच्या वाड्यांतल्या ओल्या मातीवर बुडाखाली जाड फळी घालावी. नाहीतर गाडी वर येण्याऐवजी जॅकच मिचेलच्या खांबासारखा जमिनीत उतरतो.